गंगाराम तांबट : वेरूळची लेणी कागदावर उतरवणारा पेशवाईतला ड्राफ्ट्समन, ज्याचं नाव शीर्षकपानावर आलंच नाही

नारायण पेठेत एखादा जुना वाडा पाडून नवी इमारत बांधायची असेल, तर आधी तयार होतो नकाशांचा सेट. प्रत्येक मजल्याचा प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन, जिन्याचं डिटेल, ड्रेनेजची लाइन. प्रत्येकाची शीट वेगळी. मग आर्किटेक्टच्या ऑफिसातलं कुणीतरी रात्री उशिरा बसून या सगळ्या शीट्स एक्सपोर्ट करतं, त्यांची एकच पीडीएफ बनवतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होतं.

प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात, खाली एक चौकट असते. तिला म्हणतात टायटल ब्लॉक. नकाशा कशाचा आहे, स्केल किती, तारीख कोणती, कितवी सुधारणा, कुणी काढला, कुणी तपासला हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. एक्सपोर्ट करताना कागदाचा आकार किंवा मार्जिन चुकलं की कडेची ही चौकटच आधी कापली जाते. रेषा शिल्लक राहतात, काढणाऱ्याचं नाव जातं.

ही गोष्ट फक्त कॉम्प्युटरच्या जमान्यातली नाही. नारायण पेठेतून चालत गेलं तर थोड्याच वेळात शनिवारवाडा येतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथल्या चित्रशाळेशी जोडलेल्या एका पुणेकराच्या बाबतीत असंच काहीसं घडलं. त्यांचं नाव गंगाराम चिंतामण तांबट.

तांबट, पण हातात कुंचला

तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर. कसबा पेठेतल्या तांबट आळीचं नाव त्यांच्यामुळेच पडलं. गंगाराम यांचं आडनाव काही ठिकाणी नवगिरे असंही दिलं जातं. त्यांच्या बालपणाचा तपशील फारसा कुठे येत नाही. त्यांची ओळख सुरू होते ती थेट त्यांच्या चित्रांपासून.

काळ सवाई माधवराव पेशव्यांचा. कारभार नाना फडणवीसांच्या हातात. 1786 पासून पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स वॉर मॅलेट. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा मुक्काम असायचा. राजकारण हे त्याचं काम होतंच, पण जुनी लेणी, देवळं, प्राणी, माणसं या सगळ्याचीही त्याला उत्सुकता होती. फोटोग्राफी जगासमोर यायला अजून जवळपास अर्धशतक होतं. पाहिलेली गोष्ट लंडनला किंवा कलकत्त्याला दाखवायची तर ती कुणीतरी हाताने काढून द्यायला हवी. हे काम गंगाराम यांच्याकडे आलं.

पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथला गेंडा गंगाराम यांनी 1790 मध्ये कागदावर उतरवला. पुढे 1795 मध्ये पर्वतीची टेकडी आणि तिच्यावरची देवळंही काढली. आपण आज ज्या पर्वतीच्या पायऱ्या चढतो, तिचं पेशवाईतलं रूप त्या चित्रात बघायला मिळतं.

शनिवारवाड्यातली चित्रशाळा

1791 मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची जी तैलचित्रं आपण पुस्तकांत बघतो, ती वेल्सशी जोडलेली आहेत. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली. तिथल्या मंडळींमध्ये आज सगळ्यात जास्त माहीत असलेलं नाव गंगाराम यांचंच. वेल्सच्या कामात ते त्याचे मदतनीसही झाले.

तिथे ते नेमकं काय नवीन शिकले? आपल्याकडच्या चित्रपरंपरेत महत्त्वाची व्यक्ती मोठी आणि बाकीचे लहान काढायची पद्धत होती. युरोपातली पद्धत वेगळी होती. पाहणारा एका जागी उभा आहे असं मानायचं, आणि जे दूर आहे ते ठरलेल्या हिशोबाने लहान काढायचं. यालाच पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. गंगाराम यांच्या चित्रांत या दोन्ही सवयी एकत्र दिसतात.

डोंगराचा नकाशा कसा काढायचा?

मॅलेटला सगळ्यात जास्त ओढ होती वेरूळची. तिथे गंगाराम यांनी लेण्यांची रेखाटनं केली. आता हे काम किती अवघड आहे ते समजून घेऊ.

साधं घर असेल तर बाहेरून फेरी मारून मापं घेता येतात. लेण्याला बाहेरची बाजूच नसते. ते डोंगराच्या पोटात खोदलेलं असतं. आत अंधार, पायाखाली उंचसखल दगड, खांबांच्या रांगा. दहाव्या क्रमांकाचं विश्वकर्मा लेणं घ्या. त्याचं छत कमानदार आहे आणि त्यात लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. सोळाव्या क्रमांकाचं कैलास तर अख्खं देऊळच आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, ते एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलं. त्याची उंची साधारण 30 मीटर.

अशी वास्तू एका चित्रात मावत नाही. म्हणून तिचे भाग पाडावे लागतात. वरून पाहिल्यासारखा जमिनीचा आराखडा म्हणजे प्लॅन. समोरचा दर्शनी भाग म्हणजे एलेव्हेशन. मधून सुरीने कापल्यासारखा उभा छेद म्हणजे सेक्शन. प्रत्येक कागद अर्धीच गोष्ट सांगतो. एक खांब प्लॅनमध्ये नुसता चौकोन असतो, तो उंच किती आणि त्यावर नक्षी कुठली हे दुसऱ्या कागदावर कळतं. सगळे कागद क्रमाने शेजारी ठेवले तरच लेणं डोळ्यांसमोर उभं राहतं.

नकाशांचा सेट एकाच दस्तऐवजात बांधण्याची गरज येते ती इथून. पेशवाईत ती होती, आज आर्किटेक्टच्या ऑफिसातही आहे.

सुटे कागद ते एक पुस्तक

मॅलेटने 1794 च्या डिसेंबरमध्ये वेरूळवरचा आपला वृत्तांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला. सोसायटीच्या एशियाटिक रिसर्चेस या मालिकेच्या सहाव्या खंडात, 1799 मध्ये तो छापून आला. सोबतची चित्रं गंगाराम यांच्या रेखाटनांवर आधारलेली होती.

त्या काळात चित्र छापायचं म्हणजे मूळ कागद खोदकाम करणाऱ्याकडे जायचा. तो ते चित्र ठरलेल्या आकारात तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोरायचा, शाई भरायचा आणि कागदावर दाबून ठसा घ्यायचा. तांबट घराण्यातल्या माणसाची रेषा अशी तांब्यावर जाऊन जगभर पोहोचत होती. पण या प्रवासात मूळ कागदाच्या कडेला लिहिलेलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कोरणारा आणि छापणारा ठरवायचा.

1795 हे वर्ष पुण्यासाठी वाईट गेलं. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले. पुढच्याच महिन्यात, साष्टीतल्या लेण्यांचं काम सुरू असताना वेल्सचाही मृत्यू झाला. 1797 मध्ये मॅलेटने पुणे सोडलं आणि नंतर तो इंग्लंडला परतला. 1799 मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं. वेल्सच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाचा शेवट आता लंडनमध्ये होणार होता.

तो केला थॉमस डॅनियल या चित्रकाराने. 1793 मध्ये पश्चिम भारतात आला असताना त्याने वेल्सबरोबर इथली लेणी पाहिली होती. 1803 मध्ये त्याच्या देखरेखीखाली वेरूळवरचं चित्रांचं पुस्तक निघालं. सगळी मिळून 24 दृश्यं, एका आकारात, एका क्रमात, एका बांधणीत. आजच्या भाषेत फायनल कम्बाइन्ड सेट.

शीर्षकपानावर चित्रं कुणाच्या रेखाटनांवरून केली म्हणून जेम्स वेल्सचं नाव आहे. ती कोरून घेणारा म्हणून डॅनियलचं आहे. वेल्सच्या आधीपासून मॅलेटसाठी चित्रं काढणारे आणि पुढे वेल्सचे मदतनीस झालेले गंगाराम त्या पानावर नाहीत.

डॅनियल आणि वेल्स यांच्यातही असाच एक हिशोब आहे. 1790 च्या तहाच्या निमित्ताने भरलेला पेशव्यांचा दरबार दाखवणारं एक भव्य तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. 1805 चं हे चित्र डॅनियलच्या नावावर आहे, पण ते वेल्सने पुण्यात केलेल्या अभ्यासचित्रांवरून रंगवलेलं आहे. म्हणजे शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव मोठं.

मग गंगाराम आपल्याला कळले कसे?

उत्तर सोपं आहे. सुटे कागद टिकले म्हणून. मॅलेटच्या संग्रहातली गंगाराम यांची चित्रं आज अमेरिकेत न्यू हेवन इथल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. गेंडा आणि पर्वती दोन्ही तिथेच. 2011 मध्ये येलने भारतातल्या ब्रिटिशकालीन चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा हे काम पुन्हा लोकांसमोर आलं. वेल्सची डायरीही तिथेच आहे आणि तिच्यातही गंगाराम भेटतात.

फोटोग्राफीच्या आधीची वेरूळची अवस्था समजून घ्यायची तर अशीच रेखाटनं कामी येतात. आणि रेखाटन पुरावा म्हणून वापरायचं तर ते कुणी काढलं, कधी काढलं, जागेवर बसून काढलं की दुसऱ्याचं पाहून काढलं हे कळावंच लागतं. नाव हा फक्त मानाचा प्रश्न नाही. मापात शंका आली तर कुणाला विचारायचं, याचंही उत्तर त्या नावातच असतं.

त्यामुळे पुढच्या वेळी 40 शीट्सची एक पीडीएफ बनवलीत, तर पाठवण्याआधी दोन मिनिटं काढा. पानांचा क्रम बघा, स्केल बघा, आणि प्रत्येक पानाचा उजवा कोपरा बघा. तिथे रात्रभर जागून रेषा मारणाऱ्या ज्युनिअरचं नाव असतं. ते कापलं गेलं नाहीये ना, एवढं पाहूनच सेंडचं बटण दाबा.