जुझेप्पे ब्रोत्सू

जुझेप्पे ब्रोत्सू (२४ जानेवारी, इ.स. १८९५:गिलार्त्सा, सार्दिनिया, इटली – ८ एप्रिल, इ.स. १९७६:काल्यारी, इटली) हे इटालियन आरोग्यशास्त्रज्ञ व राजकारणी होते. सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविके ज्या बुरशीपासून मिळाली, ती त्यांनी शोधून काढली.

ब्रोत्सू काल्यारी विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक व पुढे कुलगुरू होते. इ.स. १९५५ ते १९५८ या काळात ते सार्दिनियाच्या प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष, तर १९६० ते १९६७ या काळात काल्यारीचे महापौर होते.

== संशोधन ==
शहराचे सांडपाणी जेथे समुद्रात पडे, तेथे पोहणाऱ्यांमध्ये विषमज्वराचा प्रादुर्भाव अपेक्षेइतका तीव्र नव्हता. या पाण्यात जिवाणूंना मारक असे काही असावे, असा तर्क करून ब्रोत्सू यांनी इ.स. १९४५मध्ये तेथून सेफॅलोस्पोरियम ॲक्रेमोनियम ही बुरशी वेगळी केली. तिचा अर्क त्यांनी रुग्णांवरही वापरून पाहिला. मात्र शुद्धीकरणाची साधने त्यांच्याकडे नव्हती व आर्थिक पाठबळही मिळाले नाही. अखेर इ.स. १९४८मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष स्वतःच्याच संस्थेच्या प्रकाशनात छापले. त्याचे वाचक मोजकेच होते. युद्धकाळात सार्दिनियात राहिलेल्या एका ब्रिटिश आरोग्याधिकाऱ्याच्या ओळखीमुळे ही बुरशी ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडे पोहोचली. अन्यथा हे काम विस्मृतीत जाण्याचीच शक्यता अधिक होती.

ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांना या बुरशीत एकाहून अधिक प्रतिजैविके आढळली. विषमज्वराच्या जिवाणूंवरील जो परिणाम ब्रोत्सू यांना दिसला होता, तो मुख्यतः पेनिसिलिन-एनचा होता. औषधनिर्मितीस पायाभूत ठरलेले सेफॅलोस्पोरिन-सी त्याच बुरशीत अल्प प्रमाणात होते. पेनिसिलिन निष्प्रभ करणाऱ्या जिवाणूंच्या विकराला ते दाद देत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

== प्लास्मिडचा उपयोग ==
सेफॅलोस्पोरिन-सी हा बुरशीचा दुय्यम चयापचयज पदार्थ असून त्याची जनुके प्लास्मिडवर नव्हे, तर गुणसूत्रांवर असतात. बुरशी पेनिसिलिन-एनपासूनच सेफॅलोस्पोरिन-सी तयार करते. परंतु औद्योगिक वाणात हे रूपांतर अपुरे राहून पेनिसिलिन-एन साचत असे. इ.स. १९८९मध्ये एली लिली कंपनीच्या संशोधकांनी रूपांतर घडवणाऱ्या विकराच्या जनुकाची जादा प्रत प्लास्मिडद्वारे बुरशीत सोडली. ती गुणसूत्रात सामावली गेली, साचणारे पेनिसिलिन-एन घटले आणि पथदर्शी प्रकल्पात उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. यात प्लास्मिडचे काम केवळ वाहकाचे होते.

काल्यारीतील एका मोठ्या रुग्णालयास ब्रोत्सू यांचे नाव दिलेले आहे.