औंधचे बाळासाहेब

शाळेच्या मैदानावर सर आपल्याकडून सूर्यनमस्कार घालून घ्यायचे, आठवतं ना? थंडीत हात गारठायचे आणि आपण मोजणीत दोन-तीन गाळायचो. या व्यायामाचा महाराष्ट्रभर प्रचार करणारा माणूस एका संस्थानाचा राजा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 चा. 1909 मध्ये ते औंधच्या गादीवर बसले. संस्थान छोटं, बहात्तर गावांचं, तेही सलग नाही; सातारा, सांगली भागांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. राजा स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी 1910 मध्ये जागा दिली, त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधचं चित्रसंग्रहालयही त्यांचंच. या सगळ्यासाठी राजांचं नाव राहतंच. पण मला अडवलं ते पुढच्या गोष्टीने.

सत्तरीला आल्यावर त्यांनी राज्य प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. मुलगा अप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून आलेला, आणि सोबतीला मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश विद्युत अभियंता, बंगळूरचा सरकारी कारखाना सांभाळणारे. (इंजिनिअर राज्यघटनेत हात घालतो म्हटल्यावर मी कान टवकारणारच!) मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे सेगावला गेली. सेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम, माझ्या बेसाच्या घरून गाडीने दीड-दोन तास. गांधीजींनी गावपंचायतीवर भर दिला आणि राजाने साधं राहावं असं सुचवलं. जानेवारी 1939 मध्ये घटना लागू झाली. आधी गावची निवडलेली पंचायत, मग तालुका, त्यावर विधिमंडळ. छोटे तंटे गावातच मिटू लागले. राजा नावाला राहिला.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हा भिंत नसलेला तुरुंग उभा राहिला, तोही याच काळात. शांतारामबापूंच्या 'दो आँखे बारह हाथ'चं बीज तिथलं.

मला एक गोष्ट खटकते. हे स्वराज्य लोकांनी झगडून मिळवलेलं नव्हतं, राजाने दिलेलं होतं. म्हणून ते गावात किती खोल रुजलं असेल, हा प्रश्न उरतोच. आणि तपासून पाहायला पुरेशी वर्षंही मिळाली नाहीत. मार्च 1948 मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ती पंचायतींची रचना मोडली. तिला जेमतेम नऊ वर्षं मिळाली. आपण शाळेत काढली त्याहूनही कमी.

बाळासाहेब 1951 मध्ये गेले. पंचायती बंद पडल्यावरची तीन वर्षं ते काय विचार करत असतील, हे मला राहून राहून वाटतं. संग्रहालय मात्र आजही यमाईच्या डोंगरावर उभं आहे. पुढच्या गेट-टुगेदरला तिकडची सहल काढायची का? सूर्यनमस्कार पूर्ण मोजून घालायच्या अटीवर मी बस ठरवते.