रेकॉर्ड त्याची, बाजार दुसऱ्यांचा

समजा, आजोबांच्या कपाटातल्या एलपी वाजवायला तुम्ही हौसेने टर्नटेबल आणलं. वायर थेट घरातल्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खुपसली. आवाज येतो, पण डास गुणगुणल्यासारखा. बेस तर गायबच! घाबरू नका, काही बिघडलेलं नाहीये. सुईच्या थरथरीतून तयार होणारी वीज असते जेमतेम काही मिलिव्होल्ट. मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प लावा. तो आवाज वाढवतो आणि रेकॉर्ड बनवताना मुद्दाम कमी केलेला बेस परत आणतो. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, त्यामुळे खरेदीआधी तेवढं तपासा.

पण ज्या सपाट तबकडीसाठी ही खटपट, ती आणली कुणी? एडिसन म्हणाल, तर चुकलात. तो एमिल बर्लिनर.

जन्म १८५१चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. १८७०मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे दिवसा पडेल ते काम आणि रात्री अभ्यास. इंजिनीअरिंगची डिग्री नव्हती, तरी १८७७मध्ये त्याने टेलिफोनसाठी नवा ट्रान्समीटर बनवला आणि बेल कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं.

एडिसनचा फोनोग्राफ तेव्हा सिलिंडरवर चालायचा. त्याच्या भराभर कॉपी काढणं अवघड. बर्लिनरने १८८७मध्ये वेगळाच मार्ग धरला. मेण लावलेल्या जस्ताच्या सपाट तबकडीवर सुई डावी-उजवीकडे हलत रेघ ओढायची. मग ती तबकडी अ‍ॅसिडमध्ये बुडवायची, की रेघेची खाच होते. तिच्यावरून धातूचा साचा काढायचा आणि त्या साच्यातून हव्या तेवढ्या रेकॉर्ड छापायच्या. गायकाने एकदाच गायचं, घरोघरी ऐकायचं! यंत्राला त्याने नाव दिलं ग्रामोफोन. आधी ते हाताने फिरवावं लागे. मग एल्ड्रिज जॉन्सनने त्याला स्प्रिंगची मोटर दिली.

धंदा रंगात आला आणि तिथेच माशी शिंकली. विक्रीचं काम ज्याला दिलं होतं, त्या फ्रँक सीमनशीच बिनसलं. प्रकरण कोर्टात गेलं, मनाई हुकूम आला. १९००मध्ये खुद्द बर्लिनरलाच अमेरिकेत ग्रामोफोन विकायला बंदी! त्याने बस्तान कॅनडातल्या माँट्रिअलला हलवलं. अमेरिकेत जॉन्सनची ‘व्हिक्टर’ कंपनी मोठी झाली. आणि ग्रामोफोन हा शब्द? तिथे लोक पुन्हा फोनोग्राफच म्हणू लागले.

तो कुढत बसला नाही, हे विशेष. मुलीच्या आजारपणानंतर त्याने शुद्ध दुधासाठी मोहीम चालवली, पुढे हेलिकॉप्टरवरही प्रयोग केले. १९२९मध्ये वॉशिंग्टनला तो गेला.

तोवर तबकडी आपल्याकडे कधीच पोचली होती. त्याच्याच हाताखाली शिकलेला फ्रेड गेसबर्ग १९०२मध्ये कोलकात्यात आला आणि गौहर जान यांचा आवाज रेकॉर्डवर उमटला.

आता प्रीअ‍ॅम्प लावा, सुई अलगद टेकवा. पुढच्या वेळी कुणी रेकॉर्डचं श्रेय एडिसनला दिलं, तर एमिल बर्लिनर हे नाव तेवढं सांगा.