न सरणारी ठेव

पंडिता रमाबाईंनी 1907 साली आपल्या धर्मजीवनाची साक्ष इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. त्या छोट्या पुस्तकाच्या शीर्षकात त्यांनी आपल्या श्रद्धेला कधीही न संपणाऱ्या ठेवीची उपमा दिली आहे. उपमा साधी आहे. परंतु ती कोणी दिली हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. वयाची चोवीस वर्षे पूर्ण होण्याच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती गमावलेल्या स्त्रीने न सरणाऱ्या ठेवीची भाषा करावी, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात उदंड वाद झाला. त्या श्रद्धेने त्यांना नेमके काय दिले आणि ते कितपत टिकले, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला.

पुण्यसंचय आणि रिकामे हात

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे शास्त्रसंपन्न होते. परंतु पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे या कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थोतीर्थी पुराणे सांगत भ्रमंती आरंभिली. मिळणाऱ्या द्रव्यातले पुष्कळसे दानधर्मात जाई. 1874 पासूनच्या थोड्या वर्षांत दुष्काळाने आणि उपासमारीने वडील, आई व थोरली बहीण हिरावून नेली. उपवास, प्रदक्षिणा, दक्षिणा यांत काहीही उणे ठेवलेले नव्हते. तरी हात रिकामेच राहिले. रमाबाई आणि थोरले बंधू श्रीनिवास पायी उत्तरेकडे गेले. पंजाबात झेलम नदीच्या काठी पांघरायला काही नसल्यामुळे या भावंडांनी वाळूत खड्डे खणून, डोकी तेवढी बाहेर ठेवून, कडाक्याच्या थंडीशी सामना केला.

1878 साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. कीर्ती लाभली, पण त्याच काळात धर्मशास्त्रांचे अध्ययन करताना त्यांच्या मनाला तडा गेला. इतर बहुतेक प्रश्नांवर परस्परांशी न जुळणारी शास्त्रवचने स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले. 1880 साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. 1881 मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पतीला पटकीने गाठले. सिल्चर येथील याच अल्पकाळच्या संसारात, घरातील पुस्तकांमध्ये, त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पतिनिधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या. 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 1883 मध्ये उच्च शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी लंडनमध्ये फुलम येथे चालविलेले एक आश्रयस्थान त्यांना दाखविण्यात आले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत होती. अशा स्त्रियांना शिक्षा करण्यापलीकडे काही कर्तव्य असू शकते, हे रमाबाईंना नवे होते. या करुणेचा उगम शोधताना त्या ख्रिस्ताच्या आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेपर्यंत आल्या. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने बुद्धीचे समाधान आधीच बरेचसे केले होते. 29 सप्टेंबर 1883 रोजी माता आणि कन्या या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

येथेच कथा पूर्ण होते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. पंथाच्या मतांवरून त्यांचा आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. विवेकाचे स्वातंत्र्य त्यांनी कोणाच्याही हाती सोपविले नाही. आहार शाकाहारीच ठेवला; गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असाही आक्षेप घेतला. हे सारे स्वाभिमानाचे होते, पण समाधानाचे नव्हते. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले की, या आठ वर्षांत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्माचा उपदेश करीत असूनही आपणच अंतरी कोरडे आहोत, असा अनुभव त्या गृहस्थाने सांगितला होता. रमाबाईंना त्यात आपले प्रतिबिंब दिसले. बालपणी व्रतांनी पुण्य साठवायचे होते. बाप्तिस्म्यानंतर अभ्यासाने आणि सत्कृत्यांनी पात्रता मिळवायची होती. दोन्हीकडे जमाखर्च होता आणि दोन्हीकडे शिल्लक अपुरी पडण्याचे भय होते. ईश्वराची क्षमा ही कमाई नसून देणगी आहे, हे त्यांना आता उमगले आणि ते भय ओसरले. मिळकत असती तर ती गमावण्याची चिंता राहिली असती. देणगीचा स्वीकार करणाऱ्याला हिशेब चुकता करावा लागत नाही. रमाबाईंच्या आनंदाचे मूळ येथे आहे.

आनंदाची कसोटी

आनंद खरा की क्षणिक, हे तो लाभल्यावर माणूस काय करतो यावरून ठरते. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले होते व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलविले होते. विधवांच्या या शाळेत धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस मुली बसू लागल्या आणि वादळ उठले. केसरीने कठोर टीका केली. रानडे व भांडारकर यांनी 1893 मध्ये सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. ज्यांच्या पाठिंब्यावर कार्य उभे होते, त्यांनीच पाठ फिरविली. तरीही रमाबाईंनी प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही.

1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. वीस वर्षांपूर्वी दुष्काळाने आपले घर उद्ध्वस्त केले होते, ही आठवण त्यांना स्वस्थ बसू देणे शक्य नव्हते. केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या सुमारे शंभर एकर माळावर मुक्तीची वसाहत उभी राहिली. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींचे पोट भरण्याइतके ठरावीक उत्पन्न संस्थेपाशी नव्हते. विहिरी खणल्या गेल्या. शेती, दुग्धशाळा, विणकाम, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना असे उद्योग सुरू झाले. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली. अन्न घालून थांबणारे हे दान नव्हते. निराधार स्त्रीच्या हाती कसब देण्याचा तो प्रयत्न होता.

या कार्यावरील मुख्य आक्षेप नजरेआड करणे योग्य होणार नाही. भुकेने व्याकूळ होऊन आलेल्या मुली आश्रयदात्रीच्या धर्मात जातात, तेव्हा ती निवड कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. स्वतःच्या विवेकस्वातंत्र्यासाठी इंग्लंडमध्ये झगडलेल्या बाईंना तर तो विचारलाच पाहिजे. मात्र त्या मुलींना रस्त्यावरून उचलून आणण्यासाठी त्या वेळी किती हात पुढे आले होते, हा प्रश्नही त्याच्याच शेजारी ठेवावा लागतो. श्रद्धेचा आनंद माणसाला निर्दोष करीत नाही. तो माणसाला उदार करतो की नाही, एवढेच पाहता येते आणि रमाबाईंबाबत त्याचे उत्तर केडगावच्या माळावर लिहिलेले आहे.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या या पंडितेने भाषांतरात संस्कृत शब्दांना जाणीवपूर्वक दूर ठेवले; खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ते वाचता यावे, हा हेतू होता. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. दरम्यान श्रवणशक्ती क्षीण होत गेली. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. कार्याची वारस मानलेली एकुलती एक कन्या चाळिशीत निघून गेली. रक्ताचे शेवटचे नातेही तुटले.

दुःख झाले नाही असे कोण म्हणेल? पण मुद्रितांची तपासणी थांबली नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल 1924 साली पूर्ण प्रसिद्ध झाले. भारत सरकारने 1989 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि मुक्तीचे काम पुढेही चालू राहिले. ज्यांना त्यांचा धर्म मान्य नाही, त्यांनाही एवढे मान्य करावे लागेल की, बालपणीची ठेव दुष्काळाच्या एका फेऱ्यात संपली होती. 1891 मध्ये सापडलेली ठेव मात्र त्यांनी दोन हजार जणींत वाटली आणि एकुलत्या मुलीच्या मृत्यूनंतरही ती त्यांना पुरली.