सरांनी दिलेलं काम

एकेकाळी अमेरिकेतसुद्धा डॉक्टर व्हायचं म्हटलं की बहुतेक मुलींना मुलींच्याच वेगळ्या कॉलेजात जावं लागे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्याही फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला मेडिकल कॉलेज काढायला पैसे कमी पडले. तेव्हा मेरी गॅरेट आणि त्यांच्या मैत्रिणींनी ५ लाख डॉलरच्या निधीचा भार उचलला आणि अट घातली, मुलींना मुलांच्याच बरोबरीने प्रवेश द्यायचा! १८९३ मध्ये कॉलेज सुरू झालं. तीन वर्षांनी तिथे फ्लॉरेन्स सेबिन दाखल झाली.

फ्लॉरेन्सचा जन्म ९ नोव्हेंबर १८७१ चा, कोलोरॅडोतल्या सेंट्रल सिटी या खाणींच्या गावातला. तिच्या सातव्या वाढदिवशीच आई बाळंतपणानंतरच्या आजाराने गेली. १८९३ मध्ये स्मिथ कॉलेजातून पदवी घेतल्यावर तिने तीन वर्षं शिकवण्याची नोकरी केली, मेडिकलच्या फीसाठी पैसे साठवले.

हॉपकिन्समध्ये तिला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक फ्रँकलिन मॉल भेटले. मॉल सरांची रीत निराळी. तयार उत्तरं देण्यापेक्षा विद्यार्थ्याला स्वतः बघायला लावायचं. फ्लॉरेन्स शिकत असतानाच त्यांनी तिच्यावर एक काम सोपवलं. नवजात बाळाच्या मेंदूच्या खालच्या भागाचे पातळ काप तपासायचे आणि त्यावरून त्या भागाची त्रिमिती प्रतिकृती तयार करायची. काम किचकट, पण तिने ते तडीस नेलं. त्यातूनच १९०१ मध्ये तिचं पुस्तक निघालं आणि ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आलं.

पण नुसत्या हुशारीवर घर चालत नाही. १९०० मध्ये ती डॉक्टर झाली तेव्हा संशोधन करणाऱ्या बाईला नोकरी कोण देणार? इथेही बाल्टिमोरच्या स्त्रियाच धावून आल्या. त्यांच्या संघटनेच्या शिष्यवृत्तीवर ती मॉल सरांच्या विभागात राहिली आणि १९०२ मध्ये तिथेच शिकवू लागली. डुकराच्या गर्भावर काम करून तिने दाखवलं, की लसीकावाहिन्या शिरांपासूनच फुटतात.

१९१७ मध्ये डॉ. सेबिन हॉपकिन्समधल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी मॉल सर गेले. त्यांची खुर्ची सेबिनबाईंना मिळेल असं अनेकांना वाटत होतं. मिळाली ती त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला! विद्यार्थ्यांनी निषेध केला. बाईंनी मात्र काम सोडलं नाही. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि त्याच वर्षी रॉकफेलर संस्थेत क्षयरोगावर संशोधन करायला गेल्या. निवृत्तीनंतर कोलोरॅडोत परतून सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे कायदे करून घेण्यासाठी राज्य पिंजून काढलं. ३ ऑक्टोबर १९५३ ला त्या गेल्या.

मॉल सरांचं ऋण त्या विसरल्या नाहीत. १९३४ मध्ये त्यांनी सरांचं चरित्र लिहिलं आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही त्याच रीतीने शिकवलं. त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. मुलीला कॉलेजचं दार उघडून दिलं म्हणजे झालं, असं नसतं. आत गेल्यावर तिच्या हाती खरं काम देणारे सर लागतात, काम चालू असताना पोटापाण्याची सोय लागते. या दोन्ही गोष्टी मिळूनही शेवटची खुर्ची हुकू शकते. आणि या दोन्ही मिळाल्याच नसत्या तर? तर फ्लॉरेन्स सेबिन हे नाव आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.