संत गाडगेबाबा : भुताची भीती आणि प्रश्नांचा खराटा

आपल्या वऱ्हाडात लेकराला ताप चढला, ते झोपेत दचकलं, की घरातलं कुणीतरी हळूच म्हणतंच, बाहेरचं लागलं असेल. मग लिंबू उतरवतात, अंगारा लावतात आणि दवाखाना राहतो दुसऱ्या दिवसावर. हीच भीती घालवण्यासाठी उभं आयुष्य झिजवणारा माणूस आपल्याच मातीतला होता. त्यांची गोष्ट मुलांना सांगण्याआधी आपण नीट समजून घेऊ या.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात एका परीट कुटुंबात झाला. देवाला बकरं कापायचं आणि त्या निमित्ताने दारू प्यायची, ही तेव्हाची रीत. वडील त्या दारूपायी गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूने गुरं राखली, शेती केली. पुढे मामाची जमीन सावकाराने गिळली. पहा, या घरावर आलेली दोन्ही संकटं कुठल्या भुताने आणली नव्हती. एक आणलं दारूने, दुसरं कर्जाने. शिक्षणासाठी बाबांचा जीव पुढे इतका का तुटायचा, हे इथे कळतं.

पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी पंगतीला बुंदीचे लाडू वाढले. लोक नाराज झाले, पण देवी कोपली नाही की घरावर कसलं अरिष्ट आलं नाही. बदल असा घरातूनच सुरू झाला, बरं का!

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं. अंगात येणं, नवस, बळी, भगताचा अंगारा या सगळ्यांवर ते नुसते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. लोक खळखळून हसायचे आणि हसता हसता विचारात पडायचे.

मग बाबा नास्तिक होते का? मुळीच नाही. त्यांच्या कीर्तनात देवकीनंदन गोपाळाचा गजर असायचाच. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला लोक श्रद्धेने स्नानाला येत आणि चिखलात घसरत. बाबांनी त्यांना हिणवलं नाही, तिथे घाट बांधायला घेतला. श्रद्धा माणसाच्या कामाला आली पाहिजे, इतकंच त्यांचं म्हणणं.

त्यांची स्वतःची परीक्षाही झाली. मुलगा गोविंदा पिसाळलेला कुत्रा चावून गेला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही आणि दैवाला किंवा करणीलाही बोल लावला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला.

आज राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तरी मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याने डागण्याच्या घटना अजूनही कानावर येतात. त्या आईला आपण हसायचं का? नाही. तिला बाळ वाचवायचं असतं, आणि दवाखाना लांब असतो, भगत मात्र दारात असतो. अशा वेळी टिंगल करून काही होत नाही. विश्वासाने सोबत दवाखान्यात जाणारं माणूस लागतं.

वर्गात एखादं मूल भूत पाहिल्याचं सांगू लागलं, तर त्याला गप्प करू नका. कुठे दिसलं, उजेड किती होता, सोबत कोण होतं, जवळ जाऊन कुणी पाहिलं का, हे त्याला मायेने विचारा. उत्तर त्याचं त्यालाच शोधू द्या. घरी पालकांनीही पोराला झोपवण्यासाठी बुवाची भीती घालणं सोडावं. आपणच पेरलेली भीती पुढे आपल्यालाच उपटत बसावं लागतं.

बाबांच्या जयंतीला आपण शाळेचं अंगण झाडतोच. यंदा मुलांच्या मनातली एखादी भीतीही झाडून काढू या!