संत अलॉयसियस यांची रुग्णसेवा



21 जून रोजी आपण संत अलॉयसियस गोन्झागा यांचा सण साजरा करतो. हाती क्रूस आणि लिलीचे फूल घेतलेली त्यांची मूर्ती आपण पाहिली आहे. त्यांचे अखेरचे कार्य मात्र साथीच्या रोग्यांमध्ये झाले, हे अनेकांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म 9 मार्च 1568 रोजी उत्तर इटलीतील कास्तिल्योने येथे उमराव घराण्यात झाला. थोरल्या मुलाने सैन्यात नाव काढावे, अशी वडिलांची इच्छा होती. 1580 साली मिलानचे कार्डिनल संत चार्ल्स बोरोमेयो यांच्या हस्ते त्यांनी पहिले कम्युनियन घेतले. हे कार्डिनल 1576 च्या प्लेगमध्ये शहर न सोडता रोग्यांमध्ये राहिले होते. 1585 साली अलॉयसियस यांनी वारसाहक्क धाकट्या भावाला दिला आणि रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश केला.

1591 च्या आरंभी दुष्काळाने गांजलेल्या रोममध्ये साथ पसरली. येशूसंघाने रुग्णालय उघडले. संघाचे प्रमुख फादर क्लाउदियो अक्वाविवा स्वतः रोग्यांची सेवा करीत. ईशज्ञान शिकणारे अलॉयसियस प्रथम दारोदार भीक मागून मदत आणू लागले. पुढे रस्त्यावर पडलेल्यांना उचलून आणणे, धुणे-पुसणे, भरवणे हे काम त्यांनी अंगावर घेतले. प्रकृती नाजूक होती. रोग्यांच्या दुर्गंधीने त्यांना शिसारी येई. तरीही ते पुन्हा त्याच खाटेजवळ जात.

सद्गुण आधी अंगी येतो आणि मग कृती घडते, असे आपण समजतो. आरिस्टॉटलने उलट शिकवले: कृती करता करताच सद्गुण अंगी बाणतो. अलॉयसियस यांनी शिसारी संपण्याची वाट पाहिली नाही. हात आधी कामाला लागले.

काही सोबती आजारी पडल्यावर वरिष्ठांनी त्यांना त्या रुग्णालयात जाण्यास मनाई केली. त्यांनी विनवणी केल्यावर सांत्वनमातेच्या रुग्णालयात सेवा करण्याची परवानगी मिळाली. तेथे साथीचे रोगी घेत नसत. पण त्यांनी उचललेल्या एका रोग्याला ती लागण झालेलीच होती. 3 मार्चला त्यांनी अंथरूण धरले आणि 21 जून 1591 रोजी, वयाच्या 23 व्या वर्षी, देह ठेवला. 1726 साली त्यांना संतपद देण्यात आले.

2020 साली नुकतेच शिक्षण संपवलेल्या अनेक परिचारिकांची पहिलीच नेमणूक कोविड वॉर्डात झाली. त्यांनाही भीती वाटत होतीच. ड्युटीवरून परतलेल्या काही परिचारिकांना शेजाऱ्यांनी इमारतीत येऊ दिले नाही, असेही आपल्या देशात घडले. साथ ओसरली की आपण हे विसरतो.

या सणाच्या निमित्ताने आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. आणि खोलीत वास येतो म्हणून आपण ज्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडे जायचे टाळतो, त्याच्या उशाशी या आठवड्यात थोडा वेळ बसू या.